मुलींची बाजू

१

सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं, चहा टाकायचा आणि घरातली डोकी मोजायची, ही माझी नोकरीतली सवय. कराडला मुलांच्या सरकारी वसतिगृहात मी जन्म काढला, गृहपाल म्हणून. निवृत्त होऊन जमाना झाला तरी सवय सुटत नाही. आमची सुलेखा म्हणते, "अहो, पाच माणसांची कसली हजेरी घेता?" घेतो. पाच तर पाच.

ही पाच माणसं म्हणजे मी शशिकांत, ही माझी बायको सुलेखा, मुलगा आशुतोष, सून वीणा आणि नात स्वरांगी. आशुतोष आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. वीणा मेडिकल उपकरणांच्या कंपनीत इंजिनियर, पण तेव्हा घरूनच लॅपटॉपला चिकटलेली. स्वरांगीला सहावं लागायचं होतं. पोरीला मराठी सगळं कळतं, अगदी आजीनं हळू आवाजात केलेली चुगलीसुद्धा, पण उत्तर येणार इंग्रजीत आणि तेही आयरिश हेल काढून. कपाटाला ती प्रेस म्हणते. पहिल्या दिवशी "आजोबा, बिस्किटं प्रेसमध्ये आहेत" अशा अर्थाचं काही म्हणाली, तर मी इस्त्री शोधत बसलो.

आम्ही दोघं दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आयर्लंडला आलो. मार्चमध्ये विमानं बंद पडली आणि आम्ही अडकलो. अडकलो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खरं विचाराल तर इतका आनंदात मी क्वचितच राहिलो असेन. नात सकाळी पोटावर येऊन बसत होती, सून चहाला नाही म्हणत नव्हती, आणि कराडच्या शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येत नव्हता. आणखी काय हवं माणसाला?

घर मात्र विचित्र होतं. आशुतोष आधी डब्लिनजवळच्या ल्यूकनला राहायचा. स्लायगोची नोकरी मिळाल्यावर जवळच्या एका लहान गावात त्यानं हे भाड्यानं घेतलं. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. एक लांबलचक दगडी इमारत, तिची तीन घरं केलेली. मधलं आमचं. दोन्ही बाजूंच्या घरांचे मालक डब्लिनचे, सुट्टीला येणारे. लॉकडाउन लागल्यापासून ती कुलूपबंद होती. आमचा हॉल प्रचंड उंच, आणि खिडक्या इतक्या वर की उभं राहूनही बाहेरचं काही दिसू नये. मी आशुतोषला म्हटलं, हे बांधणाऱ्याला आतल्या माणसांनी बाहेर बघायला नको होतं. तो हसला.

सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा तिथला नियम निघाला होता. मी सत्तरी ओलांडलेली, त्यामुळे फार तर दारासमोरच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत. आशुतोष कोविडच्या वॉर्डात काम करायचा म्हणून मागच्या खोलीत वेगळा राहायचा, तिचं दारही वेगळं. त्याचं ताट दारात ठेवून आम्ही मागे सरायचो आणि तो खिडकीतून पोरीला वेडावून दाखवायचा. नियम म्हणजे नियम. मला त्यात काही खटकलं नाही.

२

एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर पत्र्याची वाटी. वर झाकण. आत ओट्सची राखाडी पेज, वाफ निघत होती.

त्या दिवसांत तिथे सगळेच एकमेकांच्या दारात काही ना काही ठेवत. कोणी अंडी ठेवली, कोणी पाव. एकदा तर टॉयलेट पेपरची गड्डी आली होती. मला वाटलं, समोरच्या ब्रायडी मॅकगोल्ड्रिकनं पाठवलं असणार. ब्रायडी माझ्याच वयाची, एकटी. रोज दुपारी ती तिच्या भिंतीशी, मी माझ्या भिंतीशी, मध्ये रस्ता, अशा आमच्या गप्पा चालायच्या. माझं इंग्रजी तिला निम्मं कळायचं आणि तिचं मला निम्मं, म्हणजे हिशेब बरोबर.

सुलेखानं पेज चाखली. "मीठसुद्धा नाही हो बिचारीच्या घरात," म्हणाली. मग तिनं मोहरी, हिरवी मिरची, कांदा अशी फोडणी देऊन त्याचा उपमा केला आणि आम्ही सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. आता भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं वाटीत शिरा भरला, वर बेदाणे लावले आणि वाटी पायरीवर ठेवली. दुपारपर्यंत वाटी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेज.

मग काय, सुलेखाला चेवच आला. पोहे गेले, साबुदाण्याची खिचडी गेली, बेसनाचे लाडू गेले. आज काय पाठवायचं हे स्वरांगी ठरवायची. "व्हॉट विल वी सेंड देम, आजी?" असं ओरडत ती जिना उतरायची. वीणानं एकदा विचारलं, देम कोण, ब्रायडी तर एकटीच आहे. पोर म्हणाली, पाठवतात ती सगळी. लहान मुलं बोलतात तसं, म्हणून आम्ही सोडून दिलं.

पुढे वाट्या वाढल्या. एक मोठी, एक जरा कमी, एक अगदी लहान, अशा ओळीनं असायच्या. एका सकाळी मी पहिल्यांदा नीट बघितलं. प्रत्येक वाटीत पेज ठरावीक रेघेपर्यंत होती, ना थेंब जास्त ना कमी. आता घरात कोणी मोजून वाढत नाही. मोजून वाढते ती मेस. पुरुषाला इतकं, बाईला इतकं, पोराला इतकं. ही पळी मी आयुष्यभर बघितलेली आहे, मला कोण फसवणार? शिवाय फाटकापासून पायरीपर्यंतच्या गवतावर दहिवर तसंच होतं, कुठे पाऊल उमटलेलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, म्हातारी हलकी आहे, चालत असेल काठाकाठानं. आणि चहा प्यायला आत आलो.

३

दुपारी मी रस्त्यापलीकडे ओरडून ब्रायडीचे आभार मानले. ती म्हणाली, मी कधी काही पाठवलंच नाही. मग तिनं माझ्या मागच्या इमारतीकडे बघितलं.

तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, तिनं विचारलं. ही इमारत म्हणजे जुनं वर्कहाउस. ज्याला खायला नाही त्यानं इथे यायचं, खडी फोडत राबायचं आणि मोजकी पेज खायची. वर जमीनदारांची पंचकमिटी, तिच्या हाताखाली एक मास्टर, बायकांवर एक मेट्रन, दाराशी एक दरवान. उठायची घंटा, जेवायची घंटा, जेवण संपल्याची घंटा. मी हे सगळं कान देऊन ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, व्यवसायबंधूचं कौतुकच वाटलं. शेकडो माणसं सांभाळायची म्हणजे काय असतं ते सांभाळणाऱ्यालाच ठाऊक. मी दोन-चार प्रश्नसुद्धा विचारले, धान्य कोण मोजायचं, किल्ल्या कुणाकडे असायच्या वगैरे. सगळं मास्टरकडे, ती म्हणाली.

मग ती म्हणाली, कुटुंबानं यायचं ते सगळ्यांनी मिळून, एकट्यादुकट्याला घेत नसत. आणि दारातून आत आलं की पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मुलगे तिसरीकडे, मुली चौथीकडे. एकमेकांना बघायचं ते जेवणाच्या हॉलमध्ये, लांबून. तिथे बोलायची बंदी.

मी विचारलं, "आणि पोरं रडायला लागली तर?"

ब्रायडी म्हणाली, "मास्टरचं नाव होतं चांगलं. घर शांत ठेवायचा म्हणे."

तिच्या आजीची माणसं म्हणे बटाट्याचं पीक बुडालं त्या मोठ्या दुष्काळात खंदकात गवत खाऊन राहिली, पण या दाराला आली नाहीत. इथलं खाल्लं की माणूस इथला झाला, असं ती लोकं मानायची. हे सांगून ब्रायडी आत निघून गेली. नेहमी ती हात हलवून जायची, त्या दिवशी विसरली.

मी घरात येऊन फर्मान काढलं. वाट्या बंद. आतली पेज कावळ्यांना, वाट्या धुऊन रिकाम्या पायरीवर. सुलेखा म्हणाली, "जे कोणी असेल त्यांना इतके दिवस वाढलं आणि आता तोंड फिरवायचं?" मी म्हटलं, या घराचा कारभार माझ्याकडे आहे. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं, आपलं चुकलंय. पण मी समजलो नाही.

४

आपल्या दारात चपला कशा असतात? ढीग. एक उलटी, एक सुलटी, तिसरी कुणाच्या तरी बुटात शिरलेली. रिकाम्या वाट्या ठेवायला लागल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी मी बघितलं तर ढीग नव्हता. माझे आणि आशुतोषचे बूट एका भिंतीला, बायकांच्या चपला समोरच्या भिंतीला आणि पार जिन्याखाली, अंधारात, स्वरांगीचे पिवळे गमबूट. सगळं ओळीत, टाचा भिंतीला टेकवून.

आळ अर्थातच माझ्यावर. वीणा म्हणाली, बाबा, आता चपलांचीही हजेरी का? सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. ढीग पुन्हा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळी. आशुतोषचे बूट तर त्याच्या मागच्या दाराशी होते, ते पुढे कोणी आणले? वीणानं आणले असतील. झोपेत आणले असतील. डॉक्टर दमतात, काहीही करतात. माझ्याकडे कारणांची कमी नव्हती.

मग जेवणं बिघडली. आमच्या घरात जेवताना एकाच वेळी तिघे बोलतात आणि चौथा मीठ मागतो. आशुतोष मागच्या खोलीत जेवायचा, त्याचा व्हिडिओ आम्ही लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचो, म्हणजे तोही पंगतीत. कोणाचं भांडण झालं नव्हतं, कोणी रुसलं नव्हतं, पण हळूहळू जेवताना बोलणंच थांबलं. भाजी छान झालीय असं मला म्हणायचं असायचं आणि तोंडात घास फिरत राहायचा. बरणीला टेकलेल्या फोनमध्ये आशुतोष मान खाली घालून गुपचूप जेवायचा.

एकदा दुपारी असेच बसलो असताना घंटा वाजली. मला वाटलं चर्चची. आम्ही सगळे उठलो. माझ्या ताटात वरणभात तसाच होता आणि मी उठून भिंतीशी उभा होतो. वीणा पलीकडच्या भिंतीशी. सुलेखा तिच्या शेजारी. आणि स्वरांगी जिन्याच्या पायरीवर, एकटी, हात मागे बांधून.

नंतर स्वयंपाकघरात सुलेखा रडली. आजारपणातसुद्धा तिनं ताटात शीत टाकलं नव्हतं. "मी अर्धं पान टाकून कशी उठले हो?" इतकंच विचारत होती. तेव्हा मला खरी भीती वाटली. आपल्या घराचा कारभार दुसरं कोणीतरी बघत होतं, आणि त्याला आमची पोर वेगळी काढायची होती. पुरुष वेगळे काढून झाले होते, बायका झाल्या होत्या, आता तिचीच पाळी होती.

५

स्वरांगीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लख्ख दुपारी, माझी हजेरी चारवर थांबली.

सकाळपासून घरात गडबड होती. श्रीखंडासाठी चक्का टांगलेला, वीणानं फुगे फुगवलेले, आशुतोषला सुट्टी. मी हाक मारली, ओ आली नाही. बागेत नाही, गाडीत नाही, पलंगाखाली नाही. आशुतोष त्याचे सगळे नियम विसरून घरात धावत आला. रस्त्यावर जाऊन आला, ब्रायडीकडे विचारून आला. गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन झाला, त्यांनी यायला वेळ लागेल म्हणून सांगितलं.

तेवढ्यात वरून हसणं ऐकू आलं. तिचंच. वरच्या मजल्यावर शेवटी एक अडगळीची खोली होती, तिची पलीकडची भिंत म्हणजे शेजारच्या बंद घराची भिंत. हसणं त्या भिंतीतून येत होतं. एकटीचं नव्हतं, बऱ्याच मुली मिळून हसत होत्या आणि दोरीवरच्या उड्यांचा आवाज येत होता.

आशुतोषनं शेजारच्या घराची खिडकी फोडली आणि आत शिरला. आम्ही त्याची पावलं ऐकली, जिना चढताना, मग भिंतीच्या अगदी पलीकडे. त्यानं तिकडून भिंतीवर थाप मारली. इथे काही नाही, फर्निचरवर चादरी आणि धूळ, असं तो ओरडून सांगत होता. मी इकडून थाप मारली. म्हणजे भिंतीच्या इकडे आम्ही होतो, तिकडे तो होता, आणि पोरी मध्ये हसत होत्या.

वीणानं भिंतीला तोंड लावलं. "स्वरांगी, बाळा, ये ना इकडे."

"आय कान्ट, मम्मी. आय'म ऑन द गर्ल्स साइड. वी'आर नॉट लेट."

मुलींच्या बाजूला आहे, तिथून सोडत नाहीत म्हणे. आवाजात जराही भीती नव्हती, शाळेतला नियम सांगावा तसं सांगत होती. आय'म ग्रँड, म्हणाली, मी मजेत आहे, आणि पुन्हा उड्या सुरू झाल्या. वीणा भिंतीशी खाली बसली. मी नुसता उभा होतो. मला चक्क पुरुषांच्या भिंतीशी जाऊन उभं राहावंसं वाटत होतं, पाय तिकडे वळत होते.

सुलेखा पुढे आली. तिनं भिंतीवर हात ठेवला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "जेवलीस का गं?"

उड्या थांबल्या. अजून नाही आजी, पोर म्हणाली. घंटा झाली की आम्ही सगळे खाली हॉलमध्ये येतो.

६

सुलेखानं पदर खोचला. जिना उतरता उतरता मला एकच वाक्य म्हणाली, "माणसांना त्यांची भांडी रिकामी पाठवलीत ना तुम्ही? आता कढई काढा."

मी मुकाट्यानं कढई काढली. चक्क्यात साखर, वेलची गेली. बटाट्याची भाजी, मसालेभात, वरण. वीणा पुऱ्या लाटत होती आणि पोळपाटावर तिचे डोळे गळत होते. आशुतोष इतक्या दिवसांनी स्वयंपाकघरात आला, तोंडाला मास्क बांधून तळायला उभा राहिला. मायलेक शेजारी शेजारी उभे होते, आणि एवढ्या धास्तीतसुद्धा सुलेखानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, पुरी फुगल्याशिवाय उलटू नकोस. तो म्हणाला, हो आई. मला भडभडून आलं.

मी विचारलं, ताटं किती मांडायची? ती म्हणाली, घरात आहेत तेवढी. ताटं संपली, वाढदिवसाच्या कागदी प्लेटा संपल्या, मग डब्यांची झाकणं. हॉलमध्ये जमिनीवर चादरी पसरून समोरासमोर दोन लांब पंगती मांडल्या. पुरुष इकडे, बायका तिकडे असं मी सवयीनं लावायला गेलो, तर सुलेखानं सगळं मोडलं. मोठं ताट, त्याच्याजवळ लहान झाकण, मग पुन्हा मोठं ताट. "आईजवळ पोर, पोराजवळ बाप," ती पुटपुटत होती.

मग तिनं आम्हाला बजावलं. वाढताना मान खाली. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. आणि काही झालं तरी जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं नाही.

वरच्या उंच खिडक्यांमधून ऊन जमिनीवर उतरलं होतं. घंटा वाजली.

७

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाकलो. मानेवर गार वारा आला आणि चादरींची सळसळ झाली. पंगतीत वाढणाऱ्याला दिसतं काय? पान आणि हात. मला हात दिसले.

आधी वाटलं, उन्हात डोळे दिपले. म्हातारपण, दिवसभराची धावपळ, पोटात अन्न नाही. मी वाढत गेलो. हाडकुळे हात, नखं खडी फोडून तुटलेली. कोणीच खात नव्हतं, सगळे मांडीवर ठेवलेले. सुलेखा पुढून म्हणत होती, घ्या, लाजू नका, पुरी गरम आहे. तिचा आवाज किंचित कापत होता, पण आग्रहात खोट नव्हती. मग एका मोठ्या हातानं पुरी उचलली, तोडली आणि शेजारच्या झाकणात ठेवली. तिथला लहान हात ती घेऊन दिसेनासा झाला.

पंगतीच्या मध्यावर एका झाकणाशी एक हात होता, गुबगुबीत, मनगटात लाल-निळ्या मण्यांचं ब्रेसलेट. ते मीच ओवून दिलेलं.

तो हात धरावा आणि ओढून काढावा, दुसरं काही सुचत नव्हतं. मागून वीणाचा हुंदका ऐकू आला, तिलाही दिसलं होतं. सुलेखा न बघता म्हणाली, "जेवत्या पानावरून नाही." मी श्रीखंड वाढलं. बोट चाटल्याचा आवाज आला. मी पुढच्या पानाकडे सरकलो, आणि ते सरकणं मला कसं जमलं ते देव जाणे.

तेवढ्यात पुन्हा घंटा. जेवण संपल्याची. ही खोलीच्या आतच वाजली, माझ्या पाठीमागे, जिन्याशी. सगळे हात थांबले. ब्रेसलेटवाला हातही थांबला आणि हळूहळू वर उठायला लागला. भाजीचं पातेलं धरून वीणा किंचाळायच्या बेतात होती.

"सावकाश होऊ द्या," सुलेखा म्हणाली. पण तिचा आवाज पोचला नाही, घंटा चालूच होती.

मग माझा आवाज निघाला. वसतिगृहात तीन मजले ऐकू जायचा तो. "घंटा झाली तरी कोणी उठायचं नाही. पंगत आमची आहे. पोट भरेपर्यंत बसा, आणि बोला."

घंटा अर्ध्या ठोक्यात थांबली. खोलीत इतकी शांतता पसरली की कढईतलं तेल ऐकू येत होतं. आणि मग कोणीतरी बोललं. एक बाई, हळूच, परक्या भाषेत. एका पोरानं उत्तर दिलं. लगेच तिसरं, चौथं, आणि बघता बघता लग्नाच्या जेवणासारखा कल्ला झाला. नावं घेऊन हाका, हसणं, रडणं, पुन्हा हसणं. एक अक्षर कळत नव्हतं, पण कोण कोणाला शोधत होतं ते कळत होतं. आम्ही चौघं वाढत सुटलो. आशुतोष पुऱ्यांची परात घेऊन धावत होता, मास्कच्या आत हसत होता, डोळ्यांतून पाणी. वाढून मला आयुष्यात इतकं सुख कधी झालं नाही, आणि इतकी भीतीही वाटली नाही, दोन्ही एकदमच.

दार आपोआप उघडलं. पुष्कळशी पावलं बाहेर गेली, मोठी आणि लहान जोडीजोडीनं. लांबवर गवत हललं. ताटं लख्ख होती.

मधोमध आमची पोर मांडी घालून बसली होती, कोपरापर्यंत श्रीखंड. वीणानं तिला उचललं ते सोडेचना. आशुतोषनं दोघींना मिठीत घेतलं आणि किती आठवड्यांनी लेकीचा पापा घेतला, तोही श्रीखंडाचा. सुलेखा मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मीही.

दे'व ऑल गॉन होम, आजोबा, पोर म्हणाली. सगळे घरी गेले. मग तिनं जिन्याकडे बोट दाखवलं. "ओन्ली युअर मॅन इज लेफ्ट." तिकडे युअर मॅन म्हणजे तो अमुक माणूस. कोण गं, मी विचारलं.

घंटावाला, ती म्हणाली. त्याला कोणी जेवायलाच दिलं नाही.

८

आमचं हसणं थांबलं. जिन्याखाली ऊन पोचत नव्हतं, तिथे काही दिसत नव्हतं. वीणा पोरीला घेऊन दारापर्यंत मागे सरली. चला इथून, आत्ताच्या आत्ता, ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं.

मी सुलेखाकडे बघितलं. तिनं पातेल्यात डोकावून बघितलं. दोन माणसांपुरतं उरलं होतं.

मुलं जेवल्याशिवाय गृहपाल जेवत नाही. निदान मी जेवलो नाही कधी. सगळे उठून गेल्यावर, पंखे बंद झाल्यावर, आचाऱ्याबरोबर बसायचो. पुष्कळदा आचारीही गेलेला असायचा. त्या वेळी समोर एखादा माणूस हवा असं मला फार वाटायचं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी सगळ्यांना बाहेर अंगणात उन्हात पाठवलं. जिन्याशी दोन ताटं मांडली, समोरासमोर, दोन्ही वाढली आणि एकावर मान खाली घालून बसलो. "बसा," मी म्हटलं, "आपलं राहिलंच."

अंगणात स्वरांगी आजीला काहीतरी खुळचट सांगत होती, तेवढंच ऐकू येत होतं. मग किल्ल्यांचा जड जुडगा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. समोरच्या ताटाशी एक हात आला. बाहीची कड पांढरीशुभ्र, बोटांना शाई. हाताला सवय नव्हती, पुरी मोडताना ती दोनदा निसटली. मी वरण वाढायला पळी पुढे केली तर त्यानं ताटावर आडवा हात धरला. पुरे.

आपल्याकडे पहिल्या पुरेला कोण मोजतं? मी पळी तशीच धरून राहिलो. ताटात, भाताच्या कडेला, पाण्याचे थेंब पडायला लागले. भरल्या ताटावर रडू नये म्हणतात. पण त्याला हे कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? मी काय करणार? त्याचा हात अलगद बाजूला केला, बर्फासारखा होता, आणि आणखी वाढलं.